उशाला पाणी, घशाला कोरड

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पक्षाघात, खुब्याचे मोडलेले हाड, मोठी शस्त्रक्रिया किंवा नुसते वार्धक्य, कशानेही माणूस अंथरुणाला खिळला की घरी सोडताना रुग्णालय एक कागद हातात देते. त्यावर औषधांची यादी व्यवस्थित असते. गोळीचे नाव, मात्रा, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, सगळे. खाली घरच्या शुश्रूषेच्या तीन-चार ओळी मात्र घाईत खरडलेल्या असतात आणि त्यांत एक शब्द हमखास असतो, 'बेडसाइड'. बेडसाइड सीटिंग दिवसातून तीनदा. बेडसाइड कमोड वापरणे. पाणी, बेल बेडसाइडला ठेवणे. घरची माणसे मान डोलावतात, कारण शब्द कानावरचा आहे. पण त्यातून प्रत्येकाला कळते वेगळेच, आणि त्याचे परिणाम रुग्णाला भोगावे लागतात. म्हणून हे पत्र.

'बेडसाइड सीटिंग' हेच घ्या. बहुतेक घरांत याचा अर्थ 'पलंगावर उशांना टेकून बसवणे' असा घेतला जातो. आजोबा पाय लांब करून, चार उशांना रेलून अर्धा तास बसतात आणि घरच्यांना वाटते, सांगितलेला व्यायाम झाला. लिहिणाऱ्याच्या मनात होते ते असे: रुग्णाला कुशीवर वळवायचे, दोन्ही पाय पलंगाखाली सोडायचे, कोपरावर भार देत उठवायचे आणि पलंगाच्या कडेला, पाठीला आधार न देता, तळवे जमिनीला पूर्ण टेकवून बसवायचे. या बसण्यात धड स्वतःला सावरायला शिकते, पोट-पाठीचे स्नायू जागे होतात, रक्तदाब उभ्या अवस्थेची सवय करून घेतो. उशांना रेलून यातले काहीच होत नाही. उलट माणूस हळूहळू पायथ्याकडे घसरतो आणि माकडहाडावरची कातडी गादीला घासून सोलवटते. 'पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवणे' एवढे सहा शब्द लिहिले असते तर हे टळले असते.

मराठीत पलंगाच्या आसपासच्या जागांना स्वतंत्र शब्द आहेत आणि ते खेड्यातल्या आजीपासून शहरातल्या नातवापर्यंत सगळ्यांना कळतात. डोक्याकडची बाजू म्हणजे उसे, तिथे ठेवलेली वस्तू उशाशी किंवा उशाला. पायांकडची बाजू पायथा. लांबीच्या दोन बाजू म्हणजे कडा. ज्या अंगावर झोपतो ती कूस, म्हणून 'कूस पालटणे'. आणि हात लांबवला की मिळेल ते हाताशी. रुग्णालयातला 'बेडसाइड' या पाचांपैकी कधी एक असतो, कधी दुसरा. सलाइनचा स्टँड उशाकडे, सुई असलेल्या हाताच्या कडेला. हवेच्या गादीचा पंप पायथ्याशी. लघवीची पिशवी कडेला, पण खाली. घंटी हाताशी. एवढ्या वेगवेगळ्या जागा एकाच शब्दात कोंबल्या की गोंधळ व्हायचाच.

सगळ्यांत जास्त घोळ पाण्याचा होतो. 'बेडसाइडला पाणी' वाचून घरचे तांब्या-भांडे उशाशी ठेवतात, म्हणजे डोक्याच्या मागे, स्टुलावर किंवा पलंगाच्या फळीवर. आता उताण्या झोपलेल्या माणसाचा हात कुठवर पोचतो ते पाहा. खांद्यापासून मांडीपर्यंत, कडेपासून साधारण दीड फूट. डोक्यामागची वस्तू घ्यायला खांदा पूर्ण वर न्यावा लागतो, धड वळवावे लागते, आणि नेमके तेच त्याला जमत नसते. पाणी दिसतही नाही आणि मिळतही नाही. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते. पाणी कमी पडले की लघवी गडद होते, जंतुसंसर्ग होतो, मलावरोध होतो, म्हाताऱ्या माणसाला भ्रम होतो. मग घरचे म्हणतात, 'पाणी तर कायम उशाशी असते, पीतच नाहीत.'

पाणी ठेवायचे ते चांगल्या हाताच्या बाजूला, कमरेच्या किंवा कोपराच्या रेषेत, कडेपासून एक फुटाच्या आत. टेबलाची उंची गादीच्या पृष्ठभागाइतकी किंवा दोन-तीन इंच जास्त. गादीपेक्षा खाली असलेले स्टूल घातक, कारण वाकून घेण्याच्या नादात माणूस कडेवरून खाली जातो. लिटरभर पाण्याचा स्टीलचा तांब्या किलोच्या वर भरतो, अशक्त मनगटाला तो पेलत नाही आणि त्याच्या अरुंद गळ्यावरून हात निसटतो. त्याऐवजी दोनशे मिलिलिटरची नळी असलेली बाटली ठेवावी आणि ती दिवसातून किती वेळा भरली ते कागदावर टिपावे. गिळताना ठसका लागतो अशा रुग्णाच्या मात्र हाताशी पाणी मुळीच ठेवू नये. त्याला ताठ बसवून, हनुवटी थोडी छातीकडे घेऊन, कोणीतरी समोर बसून घोट-घोट द्यावे लागते. झोपल्या झोपल्या घेतलेला एक घोट श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. एकाच रुग्णालयातून एकाच दिवशी सुटलेल्या दोन रुग्णांना पाण्याबाबत नेमक्या उलट सूचना लागू शकतात, आणि दोघांच्याही कागदावर 'बेडसाइड' हाच शब्द असतो.

त्याच टेबलावर लघवीचे भांडे नको. तेही हाताशीच हवे, रात्री घाईत उठून पडण्यापेक्षा ते केव्हाही बरे. पण ते झाकणाचे असावे आणि पलंगाच्या चौकटीला आकड्याने टांगलेले असावे. पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवलेले भांडे अनेक घरांत दिसते, ते आजच हलवावे. औषधांच्या पट्ट्याही रुग्णाच्या हाताशी नकोत. विसराळू माणूस सकाळची गोळी घेतली हे विसरून पुन्हा घेतो. अपवाद दोन-तीनच: दम्याचा पंप, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी (ही बसून घ्यायची, कारण तिने रक्तदाब एकदम उतरतो आणि उभा माणूस कोसळू शकतो), आणि मधुमेह असेल तर रात्री साखर उतरल्यास खाण्यासाठी ग्लुकोजची पूड किंवा चार चमचे साखर. ही मंडळी कायम हाताशी. उशाखाली नकोत, तिथून ती गादीच्या फटीत जातात.

उजवी-डावी हा दुसरा मोठा घोटाळा. पायथ्याशी उभे राहून पाहणाऱ्याची डावी म्हणजे पडलेल्या माणसाची उजवी. कागदावर 'टेबल उजव्या बाजूस' एवढेच असेल तर अर्ध्या घरांत ते चुकीच्या कडेला जाते. त्यामुळे नेहमी 'रुग्णाच्या उजव्या हाताला' असे म्हणावे, आणि पक्षाघातात तर 'चांगल्या अंगाला' आणि 'लुळ्या अंगाला' एवढे दोनच शब्द वापरावेत. त्यांत चूक होत नाही.

चांगल्या अंगाकडची कड मोकळी असणे ही पक्षाघाताच्या रुग्णाची पहिली गरज आहे, कारण उठायचे, उतरायचे आणि खुर्चीत जायचे ते त्याच अंगाने. आपल्याकडची खोली बहुधा दहा बाय दहाची, पलंग भिंतीला लावलेला. भिंत नेमकी चांगल्या अंगाला आली तर रुग्ण कायम लुळ्या बाजूने उतरवला जातो, आणि मग तोल जातो, लुळा हात ओढला जातो. खोली बदलायची गरज नाही. उसे-पायथा बदला. जिथे पाय होते तिथे डोके करा, की मोकळी कड आपोआप दुसऱ्या अंगाला येते. डोके उत्तरेला येते म्हणून अनेक घरांत हे अडते. ती भावना कोणी उडवून लावू नये. अशा वेळी पलंग दुसऱ्या भिंतीला लावून पूर्व-पश्चिम करता येतो, किंवा भिंतीपासून अडीच फूट ओढून दोन्ही कडा मोकळ्या ठेवता येतात. दोन्ही कडा मोकळ्या असणे सगळ्यांत चांगले, कारण कूस पालटताना आणि चादर बदलताना दोघांना दोन बाजूंनी उभे राहता येते.

आता कमोडची खुर्ची. ती 'बेडसाइड' म्हणजे पलंगाजवळ कुठेतरी असून भागत नाही. चांगल्या अंगाला, पलंगाच्या कडेशी 30 ते 45 अंशांचा कोन करून, पलंगाला जवळजवळ चिकटून ठेवायची. चाके असतील तर ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचलायच्या. रुग्णाला कडेला बसवून एक-दोन मिनिटे तसेच राहू द्यायचे. भोवळ येते का विचारायचे. अनेक दिवस पडून असलेल्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाचा रक्तदाब उठल्याबरोबर उतरतो, आणि पडण्याचे प्रकार बहुधा याच दोन मिनिटांत होतात. मग पाय जरा मागे घेऊन, पुढे झुकवून उभे करायचे, चांगल्या पायावर गिरकी घेऊन खुर्चीत बसवायचे. लुळा हात धरून कधीही ओढू नये. त्या खांद्याचे स्नायू सैल असतात, सांधा जागेवरून निसटतो आणि ते दुखणे महिनोन् महिने जात नाही. धरायचे ते कमरेच्या पट्ट्याला किंवा पाठीमागून खांद्याच्या पात्याला.

परत पलंगावर येताना खुर्चीची दिशा फिरवायला लागते, हे जवळजवळ कोणीच सांगत नाही. जाताना चांगले अंग खुर्चीकडे होते. खुर्ची तिथेच ठेवली तर येताना पलंग लुळ्या अंगाला येतो. खुर्ची वळवून चांगले अंग पलंगाकडे आणायचे, मगच उठवायचे. खोली लहान असेल तर खुर्ची फिरवायला लागणारी जागा आधीच मोकळी करावी. गालिचा, पायपुसणे, वायरी यांतले काहीही त्या वाटेत नको.

पलंगाची उंचीही याच कामाशी जोडलेली. रुग्ण कडेला बसला की गुडघे काटकोनात आणि तळवे जमिनीवर सपाट हवेत. बहुतेकांना गादीसकट 18 ते 20 इंच पुरतात. दिवाण किंवा बॉक्सचा पलंग याहून खाली असला तर उठताना रुग्णाचे आणि उठवणाऱ्याचे दोघांचेही हाल होतात. खुरांखाली खोबण असलेले लाकडी ठोकळे सुताराकडून करून घ्यावेत. विटा नकोत, त्या सरकतात. उलट, जो रुग्ण उठतच नाही, ज्याचे सगळे काम पलंगावरच होते, त्याच्यासाठी पलंग उंच हवा, शुश्रूषा करणाऱ्याच्या कमरेपर्यंत. नाहीतर महिन्याभरात सुनेची किंवा मुलाची पाठ धरते आणि घरात दोन रुग्ण होतात.

पायथ्याकडे मराठी माणसाचे लक्ष फार कमी जाते. आजाऱ्याजवळ बसणे म्हणजे उशाशी बसणे, अशीच आपली भाषा आणि रीत आहे. माया त्यात आहे यात शंका नाही. पण उताण्या पडलेल्या माणसाला काय दिसते? समोरचे छत आणि पायथ्याकडची भिंत. महाभारतात निजलेल्या कृष्णाकडे मदत मागायला दोघे आले. दुर्योधन आधी येऊन उशाशी बसला, अर्जुन मागून येऊन पायथ्याशी हात जोडून उभा राहिला, आणि डोळे उघडल्यावर कृष्णाला आधी अर्जुन दिसला. उद्योगपर्वातल्या या प्रसंगाचे आध्यात्मिक अर्थ पुष्कळ सांगितले जातात. आजाऱ्याच्या खोलीसाठी त्यातली साधी गोष्ट पुरेशी आहे: पडलेल्याची नजर पायथ्याकडे असते.

म्हणून घड्याळ आणि मोठ्या आकड्यांचे कॅलेंडर पायथ्याकडच्या भिंतीवर लावावे, उशाकडच्या नव्हे. म्हाताऱ्या रुग्णाला रात्री भ्रम होतो, दिवस-रात्र कळेनाशी होते, तेव्हा घड्याळ, तारीख, खिडकीतला उजेड, डोळ्यांवर चष्मा आणि कानात श्रवणयंत्र यांचा फार उपयोग होतो. चष्मा कपाटात जपून ठेवलेला असतो आणि आजी कोणालाच ओळखत नाहीत म्हणून घर घाबरलेले असते, असे वारंवार घडते. भेटायला आलेल्यांनी उशाशी उभे राहून डोक्यावरून बोलू नये. रुग्णाच्या छातीच्या किंवा कमरेच्या रेषेत खुर्ची घेऊन, डोळे समपातळीत आणून बसावे. पाठीमागे खिडकी नको, चेहरा अंधारात जातो आणि कमी ऐकू येणाऱ्याला ओठ दिसत नाहीत.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली तर काहींचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. ताटातले डावीकडचे अन्न तसेच राहते, डावीकडून आलेला माणूस दिसत नाही. अशा रुग्णाची घंटी, पाणी, चष्मा चांगल्या अंगालाच हवेत, यात तडजोड नाही. पण प्रकृती स्थिरावल्यावर बोलणाऱ्याने हळूहळू डाव्या बाजूने बोलावे, त्या बाजूचा हात हातात घ्यावा, म्हणजे नजर तिकडे वळायला लागते. हा उपचाराचाच भाग आहे. फिजिओथेरपिस्टला विचारून तो कधी सुरू करायचा ते ठरवावे.

उसे वर करण्याचेही शास्त्र आहे. नळीने अन्न देताना पाठ 30 ते 45 अंश वर हवी, आणि अन्न संपल्यावर अर्धा ते एक तास तशीच राहायला हवी, नाहीतर पोटातले वर येऊन फुप्फुसात उतरते. 30 अंश मोजायचे कसे? खांदा गादीपासून साधारण वीतभर वर आला की तीस अंश झाले. डोक्याखाली तीन उशा रचल्याने हे होत नाही. त्याने फक्त मान पुढे मोडते, पोट दाबले जाते आणि श्वास कोंडतो. आधार कमरेपासून हवा. त्यासाठी पाठीचा उतार असलेला टेकू मिळतो. नसेल तर साधी लाकडी खुर्ची पलंगावर उलटी ठेवावी, तिची पाठ तिरकी होते, तिच्यावर घडी घातलेली गोधडी आणि मग उशा. खुर्ची भिंतीला किंवा उशाच्या फळीला टेकलेली असावी, म्हणजे मागे सरकत नाही.

दांडा फिरवून वर-खाली होणारा फाउलर पलंग भाड्याने आणला असेल तर त्याचे दांडे पायथ्याशी असतात. एक पाठ उचलतो, दुसरा गुडघे. आधी गुडघे थोडे उचलावेत, मग पाठ. नुसती पाठ उचलली की रुग्ण पायथ्याकडे घसरतो. हाडे खाली सरकतात, कातडी चादरीला चिकटून वरच राहते, आणि आतल्या रक्तवाहिन्या ताणून बंद होतात. दाबाच्या जखमेची सुरुवात अशी आतून होते, वर काही दिसण्याआधी. घसरलेल्या माणसाला काखेत हात घालून वर ओढणे हा दुसरा तसाच प्रकार. त्याच्याखाली खांद्यापासून अर्ध्या मांडीपर्यंत पोचेल अशी दुहेरी चादर आडवी घालून ठेवावी. पलंग सपाट करून, दोघांनी दोन कडांना उभे राहून, चादरीच्या गुंडाळलेल्या कडा धरून किंचित उचलून उशाकडे सरकवावे. एकट्याने हे करू नये.

कूस पालटण्याबद्दल 'दर दोन तासांनी' एवढे बहुतेकांना ठाऊक असते. कसे, ते नसते. पूर्ण आडवे, म्हणजे 90 अंश वळवले की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे लोड किंवा उशी लावून तीसेक अंशच तिरके करावे, गुडघ्यांमध्ये उशी, आणि पोटरीखाली अशी उशी की टाचा गादीला टेकणारच नाहीत. टाचेची जखम लवकर होते आणि उशिरा कळते, कारण तिथे पांघरूण असते. वेळेचा तक्ता पायथ्याच्या भिंतीवर लावावा: डावी कूस, उताणे, उजवी कूस, पुन्हा डावी. गोऱ्या कातडीवर लाल डाग दिसतो, आपल्या सावळ्या रंगावर तो दिसेलच असे नाही. म्हणून हात फिरवून पाहावे. आसपासच्यापेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागले, दुखते म्हणाले, तर त्या जागेवर पुढे भार द्यायचा नाही. तिथे चोळायचेही नाही. मधे भोक असलेली रबरी कडी तर वापरूच नये, ती भोवतालचा रक्तपुरवठा अडवते.

हवेची गादी नेहमीच्या गादीवर घालायची, तिच्या जागी नाही. वीज गेली की ती बसते, तेव्हा खाली काहीतरी असायला हवे. पंप पायथ्याच्या फळीला टांगावा, रुग्णाच्या वजनाप्रमाणे त्यावरचा दाबाचा आकडा लावावा. मग रुग्ण झोपलेला असताना माकडहाडाखाली, हवेच्या गादीच्या खालून हात सरकवून पाहावा. हाताला हाड लागत असेल, मधे इंचभर हवा नसेल, तर ती गादी असून नसल्यासारखी. तिच्यावर चादर एकच. मेणकापड, गोधडी, वर चादर असे तीन थर घातले की हवेचा उपयोग संपतो. आणि ही गादी आली म्हणून कूस पालटणे थांबत नाही.

लघवीची पिशवी कडेलाच, पण मूत्राशयाच्या पातळीखाली आणि जमिनीला न टेकता. तिची जागा पलंगाच्या स्थिर चौकटीवर. वर-खाली होणाऱ्या कठड्याला टांगली की कठडा उचलताना पिशवीही वर जाते आणि साठलेली लघवी नळीतून परत आत उतरते. कूस पालटताना आधी पिशवी ज्या बाजूला तोंड होणार त्या कडेला न्यायची, मग माणूस. खुर्चीत नेताना पिशवी पोटावर ठेवण्याची पद्धत तर सर्रास आहे. ती चूक आहे. पिशवी दोन लिटरची असली तरी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करावी, तिच्या वजनाने नळी ओढली जाते. नळी मांडीवरून जावी, मांडीखालून नव्हे, आणि तिला पीळ नसावा.

ऑक्सिजनचे यंत्र घरी आले असेल तर ते उशाशी चिकटवून ठेवू नका. त्याला मागून-बाजूने हवा ओढावी लागते. भिंतीपासून आणि पडद्यापासून किमान एक फूट दूर ठेवा, नळी लांब असते. काही घरांत आजाऱ्याच्या उशाशी निरांजन किंवा उदबत्ती लावतात. ऑक्सिजन चालू असताना ती खोलीबाहेर, दहा फुटांपेक्षा दूर, म्हणजे देवघरातच राहू द्यावी. बिडी-सिगारेटचा तर प्रश्नच नाही. नळी नाकातून काढून चालू ठेवून पांघरुणावर टाकू नये. पांघरूण ऑक्सिजन धरून ठेवते आणि एका ठिणगीने भडकते. नाक कोरडे पडले तर व्हॅसलिन लावू नये, पाण्याचा अंश असलेले मलम विचारून घ्यावे.

कठड्यांबद्दल घरांत फार विश्वास असतो. शुद्धीवर असलेल्या, वळताना आधार हवा असलेल्या रुग्णाला ते उपयोगी आहेत. भ्रम झालेला माणूस मात्र कठडा ओलांडायला जातो आणि पलंगावरून पडला असता त्याहून जास्त उंचीवरून पडतो. त्याच्यासाठी पलंग शक्य तितका खाली, शेजारी जमिनीवर जाड गादी आणि खोलीत मंद दिवा हेच बरे. कठडा आणि गादी यांतली फट 12 सेंटिमीटरपेक्षा कमी हवी. आपली गादी पलंगाहून अरुंद असली तर ती फट सहज वाढते आणि त्यात डोके किंवा मान अडकण्याचा धोका असतो. गुंडाळलेली चादर घट्ट खोचून ती बुजवावी.

घंटीसाठी महागडे काही लागत नाही. दाराची बिनतारी बेल बाजारात मिळते. तिचे बटण नाडीने चांगल्या अंगाकडच्या गादीच्या कडेला, कोपराजवळ बांधावे, आवाजाचा डबा झोपणाऱ्याच्या खोलीत. बोटांत जोर नसेल तर पूजेची छोटी घंटा किंवा स्टीलच्या वाटीत चमचा. कूस पालटली की बटणही हलवायचे, हे मात्र विसरले जाते. डाव्या कुशीवर झोपलेल्याच्या पाठीमागे पडलेले बटण काही कामाचे नाही.

हे सगळे प्रत्येक घराला पत्रातून कळणे शक्य नाही. ते घरी सोडण्याच्या कागदावर यायला हवे, आणि त्यासाठी फार खटपटही नाही. कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पलंगाची एक चौकोनी आकृती छापावी. चारही बाजूंना मराठीत लिहावे: उसे, पायथा, रुग्णाच्या उजव्या हाताची कड, डाव्या हाताची कड. लुळे अंग रेघोट्या मारून काळे करावे. मग परिचारिकेने रुग्णाच्या नातेवाइकासमोर बसून, पाणी इथे, घंटी इथे, कमोड इथे असे खुणेने भरावे. भिंत कुठल्या बाजूला आहे, पलंग किती उंच आहे, हे त्याच वेळी विचारावे. पाच-सात मिनिटांचे काम आहे. ज्या सूचना कृतीच्या आहेत त्या क्रियापदाने लिहाव्यात: बसवा, वळवा, टांगा. कागद देण्याआधी नातेवाइकाकडून रुग्णाला एकदा कडेला बसवून आणि एकदा खुर्चीत नेऊन-आणून घ्यावे, वॉर्डातच, परिचारिका शेजारी असताना.

सार्वजनिक असोत वा खासगी, रुग्णालयांच्या अधीक्षकांनी आणि परिचारिका महाविद्यालयांनी हा नमुना आपापल्या पद्धतीने करून पाहावा, ही विनंती. वऱ्हाड, खानदेश, कोकण असा बोलींचा फरक असेल तर त्या भागात पायथ्याला जे म्हणतात तेच छापावे. ज्या घरांत आज रुग्ण आहे त्यांनी थांबायचे कारण नाही. आज संध्याकाळी घरातल्या कोणीतरी त्या पलंगावर पाच मिनिटे उताणे पडावे, एक हात अंगाखाली दाबून ठेवावा, आणि दुसऱ्याने पाणी, घंटी, चष्मा, भांडे घेऊन पाहावे. जे हाताला लागणार नाही ते हलवावे.

आपले,
घरगुती शुश्रूषेचे काम करणाऱ्या काही परिचारिका व फिजिओथेरपिस्ट, सातारा